घरच्या घरी टॅपेट सेटिंग: शंभर सीसीच्या स्प्लेंडरवर हात बसवताना

गाडी 'टिक टिक' करायला लागली की गॅरेजमध्ये जाऊन "जरा टॅपेट टाइट करा" असं सांगायची आपल्याकडे सवयच आहे. मेकॅनिकही गिऱ्हाइकाचा मान राखतो, आवाज बंद होईपर्यंत आवळतो, आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. हे फार वाईट आहे. टॅपेट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातला, फट ठेवणारा स्क्रू. सैल टॅपेट आवाज करतं, म्हणजे निदान कळवतं तरी. आवळलेलं टॅपेट गप्प बसतं आणि आतल्या आत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जाळतं. एवढं लक्षात घेऊन पुढचं काम केलंत तर घरी केलेलं सेटिंग घाईगर्दीच्या गॅरेजपेक्षा चांगलं होईल.

हा लेख स्प्लेंडरचं इंजिन समोर ठेवून लिहिला आहे. हीरो होंडाने ती १९९४ साली आणली. तिचं ९७.२ सीसीचं आडवं इंजिन होंडाच्या जुन्या घराण्यातलं आहे. आधीच्या सीडी १०० मध्येही तेच होतं. शिकायला याच्याइतकं सोयीचं इंजिन दुसरं नाही, कारण टाकी काढावी लागत नाही, हेड कव्हर उघडावं लागत नाही आणि दोन्ही टॅपेटना बाहेरून गोल झाकणं आहेत.

फट ठेवायची कशाला

कॅमशाफ्ट (उंचवटे असलेला दांडा) फिरताना रॉकरचं, म्हणजे तरफेसारख्या भागाचं, एक टोक उचलतं आणि दुसरं टोक व्हॉल्व्हची दांडी दाबून व्हॉल्व्ह उघडतं. या दुसऱ्या टोकाला एक बारीक स्क्रू आणि त्यावर लॉकनट असतो. व्हॉल्व्ह बंद असताना स्क्रूचं टोक आणि दांडीचं टोक यांच्यात जी फट राहते, ती टॅपेटची गॅप. इंजिन तापलं की दांडी लांबते, हेडही फुगतं. त्या वाढीला जागा हवी म्हणून थंड इंजिनात फट ठेवायची.

ही फट उरलीच नाही तर रॉकर दांडीवर कायम टेकून राहतो आणि व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, पुरता बसत नाही. इनलेट व्हॉल्व्हला निदान दर वेळी आत येणाऱ्या थंड हवेचा आधार असतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या अंगावरून मात्र जळता वायू जातो. त्याची बहुतेक उष्णता सीटमधूनच हेडमध्ये उतरते, तेही व्हॉल्व्ह सीटला टेकलेला असतो तेवढ्याच वेळात. इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत असेल तर व्हॉल्व्ह मिनिटाला २५०० वेळा, म्हणजे सेकंदाला चाळीसहून जास्त वेळा उघडतो आणि मिटतो. दर वेळी थंड व्हायला असा क्षणभरच मिळतो. टेकणंच बंद झालं की कडा तापत राहते, मग तडकते किंवा जळते आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, जातं. त्यानंतर हेड उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही.

गाडी चालत राहिली की रॉकर आणि स्क्रूचं टोक झिजून फट वाढते. पण व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत गेला तर दांडी वर येते आणि फट कमी होते. म्हणजे कोणी हात न लावताही टॅपेट आवळलं जाऊ शकतं, आणि तेव्हा आवाज उलट कमी होतो. "आवाज नाही, म्हणजे टॅपेट ठीक" हे म्हणूनच खरं नाही.

फट जास्त झाली तर टिकटिक वाढते, व्हॉल्व्ह थोडा उशिरा आणि थोडा कमी उघडतो, रॉकर आणि कॅम एकमेकांवर आपटतात. तेही बरं नाही, पण ते सावकाश चालतं आणि दुरुस्त करता येतं.

आकडा आधी, पाना नंतर

गाडीचं पुस्तक काढा आणि 'टॅपेट क्लिअरन्स' किंवा 'व्हॉल्व्ह क्लिअरन्स' समोरचा आकडा पाहा. या घराण्यातल्या जुन्या शंभर सीसी इंजिनांना दोन्ही व्हॉल्व्हना ०.०५ मिमी फट असते. पुढच्या मॉडेलांत आकडे बदलतात, म्हणून तुमच्या गाडीचा, तुमच्याच वर्षाचा आकडा घ्या. मित्राच्या गाडीचा चालणार नाही. दोन व्हॉल्व्हच्या पल्सर १५० मध्ये इनलेटला ०.०५ आणि एक्झॉस्टला ०.१० मिमी लागते. एक्झॉस्टची बाजू जास्त तापते, म्हणून तिथे फटही जास्त. असे दोन वेगळे आकडे असतील तेव्हा इनलेट-एक्झॉस्टची अदलाबदल होऊ देऊ नका. कार्ब्युरेटरकडचा तो इनलेट आणि सायलेन्सरचा पाइप जिथून निघतो तो एक्झॉस्ट.

काही गाड्यांना हे काम लागूच होत नाही. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोकला टॅपेट नाहीत. यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनाच्या बुलेट आणि क्लासिकमध्ये हायड्रॉलिक टॅपेट आहेत, फट ते आपणच सांभाळतात. ड्यूक ३९० मध्ये स्क्रूऐवजी शिम असतात. त्यासाठी कॅमशाफ्ट उतरवून मोजलेल्या जाडीच्या चकत्या बदलाव्या लागतात. ते पहिलं काम म्हणून हातात घेऊ नका.

तयारी

गाडी रात्रभर उभी हवी. होंडा घराण्याच्या मॅन्युअलात इंजिन ३५ अंश सेल्सिअसच्या खाली असावं असं दिलेलं असतं. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात दुपारी सावलीतली गाडीसुद्धा त्याहून गरम असते. तिथे हे काम पहाटे उरका. ऑफिसातून येऊन अर्ध्या तासात झाकणं उघडायची घाई कुठल्याच गावात नको. गरम इंजिनावर घेतलेलं माप खोटं येतं.

हत्यारं फार लागत नाहीत. टॅपेटच्या झाकणांना १७ नंबरचा रिंग पाना, लॉकनटला ९ नंबरचा रिंग पाना, स्क्रूच्या चौकोनी डोक्याला टॅपेट की, मॅग्नेटचा (इंजिनाच्या डाव्या बाजूच्या, वीज तयार करणाऱ्या चाकाचा) नट फिरवायला १४ नंबरची गोटी (सॉकेट), प्लग पाना आणि रुंद तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर. टॅपेट कीऐवजी पक्कड लावू नका. चौकोनी डोकं एकदा गोल झालं की पुढच्या वेळी कीही बसत नाही.

खरा पैसा फिलर गेजवर, म्हणजे ठराविक जाडीच्या पत्त्यांच्या संचावर, घाला. बाजारातल्या साध्या गेजमध्ये सर्वांत पातळ पत्ती ०.०५ ची आणि त्यानंतर थेट ०.१० ची असते. तेवढ्यावर काम होतं, पण आपल्याला ०.०४ आणि ०.०६ च्याही पत्त्या हव्यात, त्यामुळे बारीक पायऱ्यांचा गेज मागून घ्या. दुमडलेली किंवा गंजलेली पत्ती टाकून द्या, तिचं माप विश्वासाचं राहत नाही.

झाकणांच्या दोन नव्या ओ-रिंग आधीच आणून ठेवा. त्या स्वस्त असतात, आणि जुनी रिंग कडक झाली असेल तर तेवढ्यासाठी काम अर्ध्यावर थांबतं.

पिस्टन टॉपला आणणं

गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा. साइड स्टँडवर ती डावीकडे कलते आणि डाव्या कव्हरच्या झाकणातून ऑइल बाहेर येऊ शकतं. न्यूट्रल करा, चावी काढून खिशात ठेवा. टॅपेटची झाकणं, प्लग आणि डाव्या कव्हरची झाकणं यांच्या भोवतीचा चिखल ब्रशने आणि फडक्याने नीट काढा. खालचं टॅपेट पुढच्या चाकाच्या वाऱ्यात असतं, तिथे माती घट्ट चिकटलेली असते. ती आत पडली तर थेट कॅमशाफ्टवर जाते. मला या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं पाऊल हेच वाटतं, आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं तेही हेच.

आता प्लग काढा. प्लग नसला की कॉम्प्रेशन आडवं येत नाही आणि इंजिन हाताने सहज फिरतं. प्लगच्या भोकावर स्वच्छ फडकं ठेवा.

डाव्या मॅग्नेट कव्हरवर खाच असलेली दोन झाकणं दिसतील. मधल्या मोठ्या झाकणाखाली मॅग्नेटचा नट आहे, वरच्या छोट्या झाकणाखाली टायमिंगची खिडकी. दोन्ही उघडा. पाठोपाठ टॅपेटची दोन्ही झाकणं काढा. वरचं इनलेटचं आणि खालचं एक्झॉस्टचं. खालचं उघडताना हेडमध्ये साचलेलं थोडं ऑइल सायलेन्सरच्या पाइपवर गळेल. आधीच खाली फडकं धरा, नाहीतर गाडी चालू केल्यावर धूर निघतो आणि काहीतरी बिघडलं असं वाटून जीव घाबरतो.

१४ ची गोटी नटावर लावून इंजिन घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. डावीकडून पाहिलं तर गाडी पुढे जाताना चाक फिरतं तीच ही दिशा. खिडकीतून मॅग्नेटवर खुणा सरकताना दिसतील. इंग्रजी 'एफ' ची खूण आधी येते, ती स्पार्कची आहे. तिच्यामागून 'टी' येते, ती आपल्याला हवी. तिची रेघ कव्हरच्या खाचेसमोर आणा.

नवशिके इथेच अडतात. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा टॉपला येतो. एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. दुसऱ्यांदा एक्झॉस्टच्या शेवटी, तेव्हा एक मिटत असतो आणि दुसरा उघडत असतो. 'टी' दोन्ही वेळा खाचेसमोर येते, पण आपल्याला पहिली स्थिती हवी. ओळखायची पद्धत सोपी आहे. झाकणांतून बोट घालून दोन्ही रॉकर हलवून पाहा. दोन्ही किंचित खडखडले तर तुम्ही बरोबर जागी आहात. एखादा घट्ट असेल तर एक पूर्ण फेरा फिरवून 'टी' पुन्हा समोर आणा आणि परत तपासा. तरीही एक रॉकर घट्टच राहिला तर त्या व्हॉल्व्हची फट बहुधा संपली आहे. खात्री करायची तर इंजिन सावकाश फिरवत इनलेटच्या रॉकरवर लक्ष ठेवा. तो दबून परत वर आल्यानंतर येणारी पहिली 'टी' कॉम्प्रेशनचीच असते.

रेघ खाचेच्या अगदी केसभर इकडेतिकडे झाली तर काळजी करू नका. तेव्हा रॉकर कॅमच्या गोल भागावर असतो आणि तो भाग बराच रुंद आहे. फेरी चुकली तर मात्र सगळं चुकतं. उघडत्या व्हॉल्व्हवर सेटिंग केलं तर तिथे भलतीच मोठी फट राहते.

ज्या गाडीला अशी खिडकी नाही, तिथे टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने पुढच्या दिशेने फिरवा. इंजिन फिरतं, फक्त हात जरा हळू चालवावा लागतो.

माप

आधी फक्त मोजायचं, लॉकनटला हात लावायचा नाही. ०.०५ च्या पत्तीला ऑइलचा हलका हात लावा, टोकाजवळ धरा आणि स्क्रू व दांडी यांच्यामध्ये सरळ सरकवा. पातळ पत्ती लगेच दुमडते, म्हणून ढकलण्याऐवजी थोडी थोडी आत सरकवा. बरोबर फट असेल तर पत्ती आत जाते आणि ओढताना हाताला हलकी ओढ लागते, बंद वहीच्या दोन पानांतून कागदाची चिठ्ठी ओढताना लागते तशी. काहीच लागलं नाही तर फट जास्त आहे. पत्ती आत जातच नसेल किंवा अडकत असेल तर कमी आहे.

ही 'ओढ' सुरुवातीला हाताला कळत नाही. त्यावर दोन पत्त्यांची युक्ती वापरा. आकडा ०.०५ असेल तर ०.०४ ची पत्ती सहज आतबाहेर झाली पाहिजे आणि ०.०६ ची अडली पाहिजे. तसं झालं की हाताच्या सवयीवर विसंबायची गरज उरत नाही.

आलेलं माप लगेच लिहून ठेवा. तारीख, किलोमीटर, इनलेट, एक्झॉस्ट. सेट केल्यानंतरचं माप सगळेच लक्षात ठेवतात, पण गाडीची खबर आधीच्या मापात असते. एक्झॉस्टची फट दर वेळी थोडी थोडी कमी सापडत असेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत आहे, हे तुम्हाला हेड उघडायच्या कितीतरी आधी कळतं.

आमच्या गल्लीत दूध घालणाऱ्या काकांची स्प्लेंडर सकाळी ठीक चालू व्हायची, पण दोन-चार घरं करून गाडी तापली की बंद केल्यावर किक मारून मारून दमायला व्हायचं. प्लग बदलला, कार्ब्युरेटर धुतला, फरक नाही. टॅपेटचा आवाज अजिबात नाही म्हणून तिकडे कोणी पाहिलंच नव्हतं. झाकण उघडून पाहिलं तर एक्झॉस्टमध्ये ०.०३ ची पत्तीसुद्धा शिरेना, रॉकर बोटाने हलेना. फट बरोबर केली आणि किकला पूर्वीचा जोर परत आला. व्हॉल्व्ह जळण्याआधी वेळेवर हाती लागला. गरम असताना चालू न होणारी, थंड असताना चालणारी गाडी दिसली की पहिली शंका आवळलेल्या एक्झॉस्टची घ्या.

फट बसवणं

माप बरोबर असेल तर काही करू नका, झाकणं बंद करा. बरोबर असलेली फट उगाच हलवण्यात अर्थ नाही.

चूक असेल तर रिंग पान्याने लॉकनट अर्धा फेरा सैल करा. टॅपेट की चौकोनी डोक्यावर बसवा. पत्ती मध्ये ठेवा आणि की हळूहळू फिरवत पत्तीला हलकी ओढ येईपर्यंत स्क्रू खाली आणा. आटे बारीक असतात. अर्धा मिमी पिच धरलं तर एका पूर्ण फेऱ्यात अर्धा मिमी, म्हणजे ०.०५ मिमीला फेऱ्याचा दहावा भाग. एवढ्याशा हालचालीचं काम आहे, त्यामुळे मनगट नव्हे, बोटं वापरा.

मग कीने स्क्रू जागीच धरून लॉकनट आवळा. इथे दोन्ही हात एकमेकांविरुद्ध काम करतात आणि सुरुवातीला स्क्रू नटाबरोबर फिरतोच. शिवाय नट आवळताना आट्यांमधली ढील निघते आणि फट थोडी बदलते. म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. बदलली असेल तर परत सैल करून त्या अंदाजाने किंचित कमी-जास्त ठेवा. पहिल्यांदा करताना तीनदा-चारदा करावं लागलं तरी कंटाळू नका.

नट छोटा आहे, लांब पान्याने अंगाचा जोर लावाल तर आटे जातील. टॉर्क पाना असेल तर पुस्तकातल्या आकड्याला आवळा. नसेल तर लहान रिंग पाना डोक्याजवळ धरून घट्ट बसवा, पण नट नक्की आवळला गेला आहे ना, हे शेवटी एकदा तपासा. हा नट सैल राहिला तर चालत्या गाडीत स्क्रू फिरत जातो.

पत्तीने माप बरोबर येत असूनही टिकटिक जात नसेल तर स्क्रूचं टोक बॅटरी लावून पाहा. वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनी तिथे खड्डा पडतो. गेजची सपाट पत्ती खड्ड्याच्या कडांवर टेकते, दांडी मात्र खड्ड्याच्या तळाशी जाऊन लागते. म्हणजे पत्ती ०.०५ सांगते आणि खरी फट त्याहून जास्त असते. असा स्क्रू बदलायचा, आवळून उपाय करायचा नाही.

मोजमापात शंका उरली तर मी सैल बाजूला राहतो. ०.०४ आणि ०.०६ यांत निवडायची वेळ आली तर ०.०६ घ्या.

दोन्ही व्हॉल्व्ह झाले की इंजिन पूर्ण दोन फेरे फिरवा, 'टी' समोर आणा, रॉकर हलवून पाहा आणि पुन्हा मोजा. हे टाळू नका. पहिल्या खेपेला चुकीच्या फेरीवर सेटिंग झालं असेल तर ते इथे उघडं पडतं.

झाकणं लावताना

ओ-रिंग बसवा, तिला ऑइलचा हात लावा आणि झाकण आधी बोटांनीच पूर्ण फिरवा. आडवे आटे लागले तर लगेच उलट फिरवून पुन्हा सुरुवात करा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, तिथले आटे गेले तर हेडचंच काम निघतं. शेवटी पान्याने बेताने आवळा, गळती ओ-रिंगने थांबते, ताकदीने नाही. प्लगही हातानेच आट्यांत घाला. मॅग्नेटच्या नटावरची गोटी काढली का, हत्यारं आणि फडकी सगळी बाहेर आहेत का, हे पाहूनच किक मारा.

सुरुवातीला बारीक, एकसारखी टिकटिक ऐकू येईल. ती असू द्या. नव्या गाडीचा कान असलेल्यांना ती खटकते आणि ते पुन्हा आवळायला जातात, तसं करू नका. खडखड मोठी असेल, थ्रॉटल दिल्यावर बदलत असेल आणि टॅपेटची मापं बरोबर असतील, तर टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर पाहायला गाडी जाणत्या मेकॅनिककडे न्या. फट बरोबर करूनही किक पोकळ लागत असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंगा गेलेल्या असू शकतात. तिथे गेजचं काम संपतं.

किती दिवसांनी तपासायचं, ते पुस्तकातल्या सर्व्हिसच्या तक्त्यात दिलेलं असतं. नव्या गाडीला पहिल्या सर्व्हिसिंगला हे झालंच पाहिजे, कारण सुरुवातीच्या किलोमीटरमध्ये भाग एकमेकांवर बसतात आणि फट सगळ्यात जास्त तेव्हाच हलते. मेकॅनिकला "टॅपेट टाइट करा" म्हणण्याऐवजी "एक्झॉस्टचं माप किती आलं?" एवढं विचारा. गेज लावलेला माणूस आकडा सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढण्याआधी दोन्ही झाकणांखाली बोट फिरवून पाहा. ऑइल लागलं तर झाकण आणखी आवळू नका, काढून ओ-रिंग नीट खाचेत बसली आहे का ते बघा.